व्हॉल्व्हच्या चाकाची पावती

कंपनीला पंचवीस वर्षं झाली, त्यानिमित्त गुळगुळीत कागदाचं एक जाडजूड पुस्तक निघालं. आतल्या पानावर 'लेखन आणि संकलन' म्हणून माझं नाव आहे. ओळखीच्या चार बायकांनी फोन करून कौतुक केलं आणि दर फोनला माझं डोकं नव्यानं सणकलं. जी दोन पानं मी जीव ओतून लिहिली होती, नेमकी तेवढीच त्या पुस्तकात नाहीत.

ती दोन पानं आमच्या मिस्त्रींबद्दल होती. मिस्त्री म्हणजे कंपनीचे पहिले फिटर. पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनानगरच्या रस्त्यावर त्यांचं गाव. त्या माणसाला कंपनीकडून हार नको होता, शाल नको होती. एक पावती हवी होती. एक लोखंडी चाक परत जमा करून घेतल्याची पावती. ती मिळाली नाही म्हणून तो माणूस पंधरा-सोळा वर्षं आपल्याच गावात चोर म्हणून राहिला. आणि खरं काय ते मला पक्कं माहीत होतं. मी तेवढी सगळी वर्षं त्याच कंपनीत पांढरा कोट घालून पगार घेत राहिले.

साताऱ्याच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये कंपनी सुरू झाली. पुस्तकात त्याला 'एका स्वप्नाची पहाट' असं म्हटलंय. मी होते ना तिथं. पहाट कसली, पत्रा गळत होता. मोठे साहेब, म्हणजे मालक, आधी पंप दुरुस्त करायचे. मग गावांच्या पाणीयोजनांसाठी तुरटी आणि क्लोरीन सोडायची यंत्रं बनवायला लागले. माणसं किती, तर साहेब, मिस्त्री, दोन वेल्डर आणि रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच चिकटलेली मी. प्रयोगशाळा म्हणजे कोपऱ्यातला एक कडाप्प्याचा ओटा. पावसाळ्यात त्यावर छत्री उघडून मी पाणी तपासायची. ही छत्री मी पुस्तकात लिहिली होती. ती पण काढली.

मिस्त्री फौजेतून निवृत्त होऊन आलेले. पलटणीत ते पाणी शुद्ध करायच्या गाडीवर होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं, "आमच्याकडं एक कायदा हुता, मॅडम. ज्यानं पाणी बनवलं त्यानं पयला पेला प्यायचा. मग जवान. त्यो उभा ऱ्हायला तर बाकीच्यांनी प्यायचं."

हा कायदा त्यांनी आमच्या कंपनीत आणला. गावाची योजना पुरी झाली की सगळं गाव टाकीपाशी जमायचं, नारळ फुटायचा, आणि मिस्त्री नळाखाली स्टीलचा पेला धरून सगळ्यांसमोर गटागटा प्यायचे. मग पेला उपडा करून दाखवायचे. माझा टाइप केलेला रिपोर्ट सरपंच घडी घालून खिशात ठेवायचे, तो कोण वाचतंय. म्हाताऱ्या बायका एवढंच विचारायच्या, "मिस्त्री प्याला का?" प्याला म्हटलं की हंडे पुढं सरकायचे. सातारा जिल्ह्यातली डोंगरकपारीतली गावं असोत नाहीतर सांगलीकडची उसाच्या पट्ट्यातली, सगळीकडं हेच. आम्हाला कामं मिळत गेली ती त्या पेल्यामुळं. साहेबांच्या गोड बोलण्यामुळं नाही.

आता पुस्तकात काय छापलंय बघा. 'आमच्या संस्थापकांनी पहिल्या दिवसापासून स्वतः जपलेली परंपरा.' अहो, साहेब बाहेरगावी पाण्याचा थेंब तोंडात घालत नसत. जीपमध्ये घरची बाटली असायची, आणि ती विसरली तर ड्रायव्हरला शिव्या बसायच्या. वरून त्या वाक्याखाली फोटो आहे. साहेब, हातात पेला, मागं गाव टाळ्या वाजवतंय. तो फोटो मी पाहिला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण त्या पेल्यात काय होतं ते फक्त दोन माणसांना माहीत होतं. एक साहेब, ते आता हयात नाहीत. दुसरी मी.

ते गाव सांगलीच्या बाजूला, कृष्णेच्या काठावर. योजना मोठी होती, तोवरची आमची सगळ्यात मोठी. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी आणि मिस्त्री तिथं मुक्कामाला गेलो. सकाळी नदीवर गेले तर पाणी चहासारखं तांबडं आणि काठाला मेलेले मासे. वरच्या अंगाला साखर कारखाना होता, त्यानं मळीचं पाणी नदीत सोडलं होतं. मिस्त्री त्या वेळी टाकीवर चढून झडपा बसवत होते. मी नळाचं पाणी तपासायला घेतलं. तुरटीनं रंग बराचसा उतरला होता, दिसायला पाणी बरं दिसत होतं. पण परीक्षानळीत औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, ते काही केल्या पिवळं होईना. मी स्वतःच दुप्पट क्लोरीन सोडलं. तरी नाही. मळीनं सगळं क्लोरीन खाऊन टाकलं होतं, आणि क्लोरीन नाही म्हणजे त्या पाण्यात काय काय जिवंत असेल ते देव जाणे. मी नोंदवहीत लिहिलं, क्लोरीन नाही, पाणी पिण्यास अयोग्य. सही केली.

साहेबांची जीप आली तशी मी वही घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी वाचलं, वही मिटली आणि माझ्या हातात परत दिली. म्हणाले, "आज नको हे, मॅडम. पाहुणे कोण आहेत माहीत आहे ना?" पाहुणे म्हणजे त्याच कारखान्याचे अध्यक्ष. साहेब कधीपासून त्यांच्या मागं लागले होते. कारखान्याच्या सांडपाण्याचं काम मिळालं असतं तर शेडची कंपनी झाली असती. मळी सोडणाऱ्याच्या तोंडावर मळीचं नाव कसं काढणार? मी मूग गिळून गप्प बसले. तेव्हा मला वाटलं होतं, मिस्त्री प्यायच्या आधी काहीतरी सुचेल.

नारळ फुटला. मिस्त्रींनी पेला भरला, तोंडापाशी नेला आणि थांबले. हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग पेला खाली कट्ट्यावर ठेवला. "साब, आज हे पाणी गावाला द्याया न्हाई. काकवी नासल्यावाणी वास येतोय. दोन-चार दिस जाऊ द्या."

अध्यक्ष आपल्या चपलांकडं बघायला लागले. साहेब हसले. त्यांना हसता फार छान यायचं. म्हणाले, "मिस्त्रींना सर्दी झालीय. आपल्याकडं शास्त्र आहे की. मॅडम, तुमचा रिपोर्ट काय म्हणतो?"

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. मिस्त्रीही बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला काही रागबिग दिसला नाही. मी अडखळलेसुद्धा नाही, सहज बोलले. "पाणी ठीक आहे," मी म्हणाले.

मग साहेबांनी कट्ट्यावरचा पेला रिकामा करून उचलला, मला जीपपाशी नेलं आणि हळूच सांगितलं, "तुमच्या कॅनमधलं भरा." परीक्षानळ्या धुवायला मी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन जवळ ठेवायची. जीपच्या आडोशाला उभं राहून मी तो स्टीलचा पेला, मिस्त्रींचा पेला, त्या कॅनमधून भरला. साहेबांनी तो सगळ्यांसमोर पिऊन उपडा केला. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. पंचवीस वर्षांच्या पुस्तकातला तो हाच फोटो.

त्या संध्याकाळी मंडप सोडून सगळे गेले, आणि मिस्त्रींनी गावाकडं जाणाऱ्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. नुसता बंद केला नाही, फिरवायचं चाकच काढून घेतलं आणि एसटीनं आपल्या गावी घेऊन गेले. गावातल्या पोरांनी पान्यानं फिरवून बघितलं, तर दांडा मुरगळायला लागला, म्हणून घाबरून सोडून दिलं. नवीन चाक साताऱ्याहून जाईपर्यंत चार-पाच दिवस गेले. तेवढे दिवस गावातल्या बायकांनी खारट बोअरचं पाणी भरलं आणि मिस्त्रींच्या नावानं बोटं मोडली. खालच्या अंगाच्या गावात जुन्या योजनेचं पाणी चालू होतं. तिथं घरंच्या घरं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. आमच्या योजनेच्या गावात एकही माणूस आजारी पडला नाही. हे दोन आणि दोन चार कुणी केलं नाही. मी केलं होतं, आणि तोंडाला कुलूप लावून बसले होते.

कंपनीनं मिस्त्रींना कामावरून काढल्याचं पत्र पाठवलं. कारण लिहिलं, कंपनीच्या मालमत्तेची चोरी. त्यांचं गाव फौजी माणसांचं. घरटी एक माणूस पलटणीत. तिथं हे पत्र पोस्टमनच्या हातून सरपंचाच्या आणि सरपंचाच्या तोंडून चावडीवर गेलं. पुढं गावात पाण्याची टाकी झाली, तेव्हा तिची किल्ली कुणाकडं ठेवायची असा प्रश्न आला. जिल्ह्यात पाण्याचं काम ज्याला सगळ्यात चांगलं कळतं तो माणूस समोर बसलेला, आणि किल्ली दिली किराणावाल्याकडं.

आठव्या दिवशी मिस्त्री चाक पोत्यात घालून कंपनीच्या गेटवर आले होते. म्हणाले, जमा करून घ्या आणि पावती द्या. फौजेत सुई जरी परत केली तरी पावती मिळते, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. स्टोअरनं चाक घ्यायला नकार दिला. वरून हुकूमच होता. पावती दिली तर चोरी कुठं उरते? आणि मिस्त्री पावतीशिवाय चाक सोडायला तयार नव्हते. दुपारभर गेटबाहेर उन्हात बसून राहिले आणि पोतं घेऊन परत गेले. मी खिडकीतून बघत होते. ओट्यावरच्या नळ्या धुवत होते, म्हणजे तसं दाखवत होते.

कंपनी मात्र धो धो वाढली. त्याच वर्षी कारखान्याच्या सांडपाण्याचं काम मिळालं. मग दुसरे कारखाने, मग सांगलीकडच्या गावांचा कचरा उचलायचं काम, मग परदेशी भागीदार, मग काचेची इमारत. 'पाणी ते कचरा, एक प्रवास' असं प्रकरणाचं नाव आहे. मी ते नाव दिलेलं नाही. कंपनीचं अर्धं साम्राज्य माझ्या कॅनमधल्या एका पेल्यावर उभं आहे, आणि त्याच्या पायात मिस्त्रींना गाडलंय.

गेल्या वर्षी मोठे साहेब गेले आणि धाकटे साहेब खुर्चीवर बसले. त्यांनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, तुम्ही सगळ्यात जुन्या. इतिहास तुम्हीच लिहा, मनापासून लिहा." मी म्हटलं, लिहिते. आणि सगळ्यात आधी पाटणची एसटी पकडली.

मिस्त्री थकले होते. दम लागत होता, पाय सुजले होते. पण मला बघून उठून उभे राहिले. त्यांच्या पत्नीनं, वैनींनी, चहा केला, मी उठायला लागले तर परत बसवलं, जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवण झाल्यावर मिस्त्रींनी माळ्यावरून पोतं काढलं. चाक लख्ख होतं. दर दसऱ्याला इतर हत्यारांबरोबर पुसून तेल लावायचे म्हणे.

"गंज चढू दिला असता तर सुस्थितीत जमा कसं केलं असतं?" ते म्हणाले. "मला दुसरं काय नगं, मॅडम. पुस्तकात नाव नगं. आता माझा काय भरवसा न्हाई. जायच्या आदी पावती बघायची हाय. नातवंडांस्नी गावात कुनी काय बोललं तर दावायला."

मी कसंबसं म्हटलं, "मिस्त्री, त्या दिवशी माझं चुकलं." त्यावर ते लगेच म्हणाले, "तुमचा काय दोष त्यात, मॅडम?" आणि मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. वाटलं, ह्यांनी माफ केलं, संपलं. घाट उतरताना एसटीत मला झोप लागली.

मी ती दोन पानं लिहिली. मळी, मासे, पेला, कॅन, चाक, सगळं. धाकट्या साहेबांनी वाचली आणि म्हणाले, "फार सुंदर लिहिलंय. डोळ्यात पाणी आलं. पण ब्रँडला हे नको." मी विचारलं, पावतीचं काय. "मिस्त्रींना कार्यक्रमाला बोलवा की, शाल देऊ, व्यासपीठावर बसवू." मी म्हटलं, शाल नको, पावती द्या, चार ओळींचा कागद आहे. तर म्हणाले, "वकील म्हणतात, पावती दिली की आपण चुकलो असं होतं. आणि बाबा आता नाहीत, जुनं उकरून कुणाला काय मिळणार?"

कुणाला काय मिळणार. पाटणच्या वर एक म्हातारा दर दसऱ्याला चाकाला तेल लावतोय, आणि हा काचेच्या खोलीत बसून मला विचारतोय कुणाला काय मिळणार. घरी येऊन भांडी इतकी आपटली की नवऱ्यानं टीव्ही बंद केला. मग त्यानंच विचारलं, "तुझ्याकडं शिक्का नाही का?"

होता की. प्रयोगशाळा प्रमुख म्हणून माझा गोल शिक्का आहे. नमुने आणि सामान जमा करून घ्यायचा अधिकारही माझाच आहे. इतकी वर्षं हे माझ्या डोक्यात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. पण नुसती पावती देऊन भागणार नव्हतं, चाक का काढलं ते त्यात लिहावं लागलं असतं, आणि का काढलं ते लिहायचं तर माझी नोंदवही बाहेर काढावी लागली असती.

शेवटी काढली. कंपनीच्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं: 'योजनेच्या मुख्य व्हॉल्व्हचे चाक, एक नग, सुस्थितीत जमा करून घेतले. त्या दिवशीचे पाणी माझ्या तपासणीत पिण्यास अयोग्य आढळले होते. मिस्त्री यांनी गावाच्या जिवासाठी पुरवठा बंद करून चाक काढून ठेवले. ही चोरी नव्हे.' सही, शिक्का, तारीख. सोबत नोंदवहीच्या त्या पानाची झेरॉक्स. हे कळल्यावर मला नोटीस येणार हे माहीत होतं, येऊ दे म्हटलं. साताऱ्यात पुस्तकाचं प्रकाशन होतं त्याच दिवशी सकाळी मी पाटणच्या एसटीत बसले.

मिस्त्री अंगणात खाटेवर होते. मी कागद हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि चुलीपाशी असलेल्या वैनींना ऐकू जाईल असं मोठ्यानं, एकेक शब्द धरून वाचायला सुरुवात केली. 'सुस्थितीत' या शब्दावर मान डोलावली. पुढच्या ओळीवर थांबले. ती ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली नाही. झेरॉक्स घेतली, तिच्यावरची तारीख बघितली, वेळ बघितली. सकाळची वेळ होती.

"हे तपासणीत कवा आढळलं, मॅडम?"

"त्याच दिवशी. नारळ फोडायच्या आधी."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "आमी तर आजपतूर समद्यांस्नी सांगत आलो, मॅडमच्या औषधात खोट हुती. मॅडमला ठावंच न्हवतं. शिकल्याली बाई हाय, पाण्याच्या बाबतीत खोटं न्हाई बोलायची. गावात कुनी तुमास्नी नाव ठेवलं तर मी भांडलोय."

'तुमचा काय दोष त्यात' म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

त्यांनी पावतीची नीट घडी घातली, आत जाऊन ट्रंकेत फौजेच्या कागदांबरोबर ठेवली. मग पोतं आणून माझ्यापुढं ठेवलं. "जमा करून घ्या," म्हणाले. मी वाकून उचललं, वजन चांगलंच होतं. आत चुलीवर चहाचं पाणी उकळत होतं, आल्याचा वास येत होता. मी उभी राहिले आणि म्हटलं, निघते. वैनी दारात आल्या, मिस्त्रींकडं बघितलं आणि तशाच आत वळल्या. मी पोतं घेऊन रस्त्यापर्यंत चालत आले, पण चहा घेऊन जा, असं मला मागून कुणी म्हटलं नाही.